तिसरा बाण

निरगुडकर साहेब पुण्याहून आले
आणि पहिल्याच आठवड्यात कारखान्याचा तक्ता काढला.
रंग, बीम, कांडी, माग, शिलाई, घडी.
सहा चौकटी, मधे पाच बाण.
"नावं भरा," म्हणाले, "कुणाचं काम कुठं सुरू होतं,
कुठं संपतं, भिंतीवर दिसलं पाहिजे."

भरली. बावीस वर्षं हजेरी लिहितोय मी,
अक्षर बरं आहे.
कांडीत पोशव्वा आणि तिच्या दोघी सुना.
मागावर इस्माईल जॉबर,
तुटलेला धागा ज्याला आधी कानाला कळतो.
घडीच्या चौकटीत सात जणी दाटीनं बसवल्या.
अंबय्या दुडम मात्र कुठंच बसेना.

तो कांड्या नेतो, रिकाम्या परत आणतो.
जाता जाता पोशव्वाला तेलुगूत सांगतो,
सातव्या मागाचा हिरवा संपत आलाय.
इस्माईलला सांगतो, धाकटी सून आज नाही,
जरा हळू घे की.
"हेल्पर म्हणून खाली लिहा," साहेब म्हणाले.
खाली जागा नव्हती.

एप्रिलात
अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला चिकटायला लागलं
तेव्हा अंबय्या तीन दिवस आला नाही.
कुंभारीला लेकीकडे कायतर होतं.
हजेरीत एकच खाडा.
चौकटी सगळ्या भरलेल्या,
आणि पोशव्वाकडे हिरव्याचा ढीग,
मागावर लालची वाट.
कुणीतरी हाताला लागेल ती कांडी घातली.
एका चादरीतल्या मोराची मान
अर्ध्यातून लाल झाली.
घडीवाल्या रिकाम्या टेबलावर कोपरं टेकून
लग्नाच्या गोष्टी बोलत बसल्या.
साहेब तक्त्यापुढं. बोट तिसऱ्या बाणावर.
"इथं कोण असतं?"

चौथ्या दिवशी अंबय्या आला.
लेकीचं विचारलं तर मान हलवली.
गाडा ढकलून बघितला.
"चाक कुरकुरतंय बे. तेल नाही दिलं कुणी?"
नव्हतं दिलं. ते कुणाचंच काम नव्हतं.

आता तक्ता पत्र्यावर रंगवायचा ठरलाय.
शिवशरण पेंटर शिडीवर चढून विचारतो,
"बाण सरळच ना, मेहता?"

तिसरा जरा वाकव, मी म्हटलं.
पाचव्या मागापाशी फरशी खचलीय,
तिथनं तो डावीकडून जातो.