मोजणी

आमची गल्ली जिथे संपते
तिथे पूर्वी आणखी गल्ली होती.
आता पिवळा अडसर, त्यावर लाल दिवा,
आणि पलीकडे डांबराची जीभ
हवेत बाहेर काढलेली.

विदर्नसीच्या दक्षिणेला, लालसर चिखलाच्या या कड्यावर
निवृत्तीनंतर बंगली घेतली, स्वस्तात.
स्वस्त का, हे मी विचारलं होतं.
ह्यांनी नाही. हे सिव्हिल इंजिनीयर.
पाण्याला कसं थोपवायचं
हे ह्यांना कोण सांगणार?

पहिल्या वर्षी लॉरीभर दगड आले,
रेल्वेचे जुने स्लीपर आले.
माझ्या स्वयंपाकघराचे पैसे
कड्याच्या पायथ्याशी रांगेने उभे राहिले.
जानेवारीत एका रात्री समुद्राने ते
दातकोरण्यासारखे उचलले.

एक स्लीपर पुढे दोन मैलांवर सापडला,
कॅरव्हॅनच्या तळाखाली.
त्यावर एक पोरगा चिप्स खात बसलेला.
हे त्याला म्हणाले, हा माझा आहे.
पोरगा जरा सरकला
आणि ह्यांना बसायला जागा दिली.

मग पत्रं. कौन्सिलला, खासदाराला, पुन्हा कौन्सिलला.
उत्तर आलं: या भागासाठी
काहीही न करण्याचं धोरण आहे.
ह्यांनी ते तीनदा वाचलं, दर खेपेला मोठ्याने.
काहीही न करण्याचं. धोरण.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार मोजणीचा.
मागच्या दारापासून काठापर्यंत टेप,
माझ्या हातात शून्य, ह्यांच्या हातात उरलेलं.
एक्केचाळीस. चाळीस आणि थोडं.
मग एका वादळात सरळ चौतीस.
शेजारच्या डोरीनची शेड नाताळानंतर गेली,
आत नवऱ्याची सायकल होती.
ती म्हणाली, जाऊ दे गं,
त्याच्यामागे ती कोण चालवत होतं.

मला ती म्हण कधीच आवडली नाही,
पदरी पडलं पवित्र झालं.
सुइणीचं काम केलं मी हलच्या इस्पितळात एकतीस वर्षं;
पदरी पडलेलं सगळंच पवित्र नसतं,
काही नुसतं पदरी पडलेलं असतं.
ते धरून बसावं लागतं थोडा वेळ,
आणि मग आईला जाऊन सांगावं लागतं.

ह्यांच्या वडिलांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे.
दाराची सागवानी चौकट डोक्यावर घेऊन
ते डोंगर चढले, एवढंच मला ठाऊक.
पन्नास वर्षांत मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा हे उठून नळ बंद करून आले.
नळ बंदच होता.

या मार्चमध्ये मोजायला गेले ते परतेनात.
टेपचं माझं टोक ढिलं पडलं.
जाऊन पाहते तर गुडघ्यांवर बसलेले,
दोन्ही तळहात गवतावर.
हात टेकले म्हणतात ना,
ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.
ऐक, म्हणाले, ठेव हात.
ठेवला. गार माती, आणि खोल कुठेतरी
एक धक्का. थांबून, आणखी एक.
मला हा ठोका ओळखीचा वाटला,
पण मी काही बोलले नाही.

किती भरलं, मी विचारलं.
एकोणीस असेल, म्हणाले.
असेल! ह्यांच्या तोंडी!
वही घरातच राहिली होती.

हलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी नाव दिलंय.
चहा पिताना हे दाराकडे बघत म्हणाले,
आपल्या चौकटी पाइनच्या.
न्यायच्या का?
मला आधी हसू आलं.

सफरचंदाची कलमं डोरीनच्या लेकीला दिली, आत बेव्हर्लीला.
इथे आता मेथी.
तीन-चार आठवड्यांत हाताशी येते, फार विचारत नाही.
टेप लावून हे वाफे आखतात,
ओळ सरळ हवी, ते काही सुटलेलं नाही.
शेवटची ओळ अगदी काठाला लागून.
तिथवर मी जायची नाही खुडायला, मी म्हटलं.
ती आपली नाही, म्हणाले, ती त्याची.

त्याला कडू चालतं का
ते विचारून घ्या मग.