घरात कोणी नाही

चार वाजून सात मिनिटांनी फोन थरथरला:
"घरात कोणी नाही. हीटिंग बारा अंशांवर आणलं आहे."
मी लीड्सच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
कुणाच्या तरी बोलण्याला मान डोलावत होते.
बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं.
गेल्या हिवाळ्याचं बिल बघून
सौमित्रने हे सगळं बसवून घेतलं होतं,
दारावर, जिन्यात, बैठकीच्या कोपऱ्यात
एकेक पांढरा डोळा, सुपारीएवढा.
आमचे दोघांचे फोन बाहेर पडले, आत हालचाल थांबली,
की घर आपली आपण वात कमी करतं.

मग पुढचा मुद्दा आला, चहा आला,
आणि पाचच्या सुमारास
पोटात धस्स झालं:
भाऊ.

भाऊंचा फोन घराला माहीत नाही.
आल्या दिवसापासून तो बंद करून
बॅगेत, मोज्यात गुंडाळून ठेवलाय,
"रोमिंग चढेल" म्हणून.
सकाळी भांडी, नळ, जिना, तोवर ठीक असतं.
पण वाचायला बसले की भाऊ हलत नाहीत.
पान उलटतात, तेवढंच.
पान उलटण्याला तो डोळा माणूस धरत नाही.

हॅलिफॅक्समध्ये नोव्हेंबरात संध्याकाळ होत नाही,
थेट रात्रच होते.
आमची गल्ली उताराची, दगडी घरं एकमेकांना खेटून,
सगळ्यांच्या खिडक्या पिवळ्या, आमची तेवढी काळी.
कुत्रं फिरवता फिरवता ॲक्रॉइड बाई थांबल्या:
"तुझे वडील आत आहेत. मी हात केला, त्यांनी मान हलवली.
म्हटलं, अंधार आवडत असेल."

दार उघडलं. मला ओळखून घर उजळलं,
लगबगीनं, पार जिन्यापर्यंत,
साहेब आल्यावर उठणाऱ्या लाळघोट्या कारकुनासारखं.
खुर्चीत भाऊ. गुडघ्यांवर गोधडी, कानाला मफलर,
मिटलेलं पुस्तक, पानात बोट.
"लाईट आली," ते म्हणाले.

लाईट गेली की उठायचं नसतं, ठेचकाळतं माणूस.
बसून राहायचं. ते बसून राहिले.
आणि ते जितके बसून राहिले
तितकी घराची खात्री पटत गेली.

बत्तीस वर्षं विट्याच्या सबस्टेशनात.
घड्याळ बघून फीडर बंद करायचे,
आधी खेड्यांचे, मग पेठेचा,
मग आमच्याच आळीचा, त्यात सूट नाही.
लोक फोनवर आईबहीण काढायचे.
आई म्हणायची, रजिस्टरात वेळ लिहिता,
तसं कुणाचं ताट वाढलेलं होतं तेही लिहा.

मी माफी मागत होते. त्यांनी हात झटकला,
कोपऱ्यातला डोळा लगेच लुकलुकला.
"अगं, चोख काम आहे. माणूस नाही तर वीज कशाला?
आम्हाला हे जमलं असतं, तर..."
वाक्य तिथेच सोडलं. चहा होईपर्यंत गप्प.
मग, "फक्त त्याला एकदा सांग,
म्हातारं माणूस नुसतं बसलेलंही असतं."

रात्री सौमित्र सेटिंग बदलायला बसला.
'पाहुणे' असा एक पर्याय निघाला,
जास्तीत जास्त बहात्तर तास.
"राहू दे," भाऊ म्हणाले. "मी बघतो."

तेव्हापासून दिवसाच्या आलेखात
दर वीस मिनिटांनी एक टोक.
मी ऑफिसात बसून बघते:
दहा वीस. दहा चाळीस. अकरा.
पुस्तकातून डोकं न काढता
भाऊ हात वर करतायत.
एकदा अकरा वीसचं टोक आलं नाही.
मी जिन्यात जाऊन उभी राहिले.
अकरा सव्वीसला दोन आली, लागोपाठ.
संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, डुलकी. भरून काढली.

सहा जानेवारीला मँचेस्टरहून विमानात बसवलं त्यांना.
महिनाअखेर घराने पत्रक पाठवलं,
वर हिरव्या पानाचं चित्र:
शाबास! अकरा पौंड चाळीस वाचवलेत.
खाली आलेख.
सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत
रेघ,
पट्टी धरून ओढल्यासारखी.