वाकडं तास

सिलासदादानं धुरा सरकवला
तेव्हा आईच्या कबरीवरची माती ओलीच होती.
अकरा वर्षं मी तासं मोजली,
प्रार्थनेतसुद्धा.

पाळकबाई म्हणायच्या, सोडून दे.
मी म्हणायचो, सोडलं,
अन् घरी येऊन टेप काढायचो.

परवा तुरीच्या मोकळ्या वावरात नांगर धरला.
बैल बिचारे हात नेईल तिकडे.
मी वळून वळून
धुऱ्यावरच्या निंबाकडे पाहत होतो,
तो निंब खरं तर आमचा.

टोकाला पोचून मागं फिरलो
तर तास विळ्यासारखं वाकलेलं,
पोटाशी दीड हात
दादाच्या हरभऱ्यात घुसलेलं.

'जो नांगराला हात घालून मागं पाहतो...'
हे वचन पाठ म्हणून
लहानपणी मी पेन्सिल जिंकली होती.

हसू आलं.
मग नाही आलं.

उपटलेला हरभरा दुपट्ट्यात बांधून
त्याच्या दारात उभा राहिलो.
वहिनीनं पाणी दिलं.
दादा एक घाटा फोडून म्हणाला,
"कवळाच होता रे."

धुरा आहे तिथंच आहे.
टेप सुताराला देऊन टाकला.

रविवारी प्रभुभोजनाचा प्याला
माझ्या हातून त्याच्या हाती गेला,
जरासा हिंदकळला.