निळीतला तांबडा

चिन्नायना, तुमच्या नखांच्या कडा अजून निळ्या आहेत.
डायहाउस बंद होऊन अकरा वर्षं झाली,
अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये आता सिमेंटची पोती असतात,
तरी जेवायच्या आधी तुम्ही हात दोनदा धुता,
रंग भाकरीला लागेल म्हणून.

रिपोर्ट आला. गोन्याल लिंबय्या, वय एकसष्ट.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, पांढऱ्या वाढल्यात.
तुम्ही विचारलंत, किती?
जसा ताग्यांचा हिशेब.
दोन लाख दहा हजार.
"एवढा माल तर दिवाळीतसुद्धा निघायचा नाही."
मेनत्तानं विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं
आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.
त्या दिवशी तिच्या हजार विड्या भरल्या नाहीत.

मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत
बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.
माझा विषय नीळ.
घरात कुणाला सांगितलं नव्हतं,
हसले असते.
चीनमध्ये तिला छिंग दाई म्हणतात:
पानं भिजवायची, कुजवायची,
चुना टाकून घुसळायचं,
वर येणारा फेस वाळवायचा.
तिथले वैद्य ती अकरा औषधांच्या गोळीत घालत.
मग कुणीतरी एकेक औषध बाजूला काढून बघितलं,
दहा निघाली,
निळा उरला,
आणि निळ्याच्या पोटात, चिमूटभर, एक तांबडा.
काम त्याचं होतं.
याच आजारावर.

तुम्ही उठून बसलात.
"तांबडा? तो तर दोष!
नायनाच्या रांजणात यायचा, रांजण तापला की.
सूत जांभळट मारायचं.
शेठ ताग्यामागे आठ आणे कापायचा."
आणि मग, जरा वेळानं, हातांकडे बघत,
"म्हणजे इतकी वर्षं मी औषधातच हात घालून होतो?"

नाही, चिन्नायना.
डायहाउसातली नीळ ड्रममधून यायची,
तिला पान माहीतच नव्हतं.
आणि माझ्या ताटलीत पेशी मेल्या, हे खरं,
बहात्तर तासांत निम्म्याहून जास्त.
पण ताटलीत त्या ब्लीचनंही मरतात.
मेनत्ताच्या तंबाखूच्या पाण्यानंही मरतील.
ताटलीला यकृत नसतं.
ताटली रात्री तीनला उठून
विडी घरकुलाच्या ओट्यावर एकटी बसत नाही.

कन्ना चौकातला सायबण्णा पुडी देऊन गेला.
चिनी आहे, म्हणाला, दोन हजाराला महिना,
गोळी सोडा, गोळीनं हाडं दुखतात.
हाडं दुखतात हे खरंच होतं,
म्हणून मी भांडायला तोंड उघडलं
आणि शब्द सापडेना.
तुम्ही पुडी सोडलीत.
चिमूट तळहातावर घेतलीत, थुंकी लावून चोळलीत,
दारातल्या उन्हाकडे हात तिरका धरलात,
चाळीस वर्षं मालाचा नमुना बघितलात तसा.
"यात पान नाही. हा आपल्या ड्रममधलाच आहे.
वर हिरवा मारलाय."
आणि मोरीत हात धुतलात.
दोनदा.

मग ताट घेतलंत. चतकोर भाकरी, शेंगाचटणी,
भरलेला तांब्या, आणि ती चारशे मिलिग्रामची,
जी सरकारी दवाखान्यातून मिळते
आणि जिच्यासाठी मेनत्ता महिन्यातून एकदा
पहाटेच रांगेत चप्पल ठेवून येते.

मी पर्समधून कागद काढला.
काचेच्या नळीतून निळ्यापासून सुटलेला
तो ठिपका, नखाएवढा,
वाळलेला.
तुम्ही चश्मा लावलात.
बोट लावू का, विचारलंत. नको म्हटलं.
नाकाजवळ नेलात, वास नव्हता.
उलटा करून मागून बघितलात,
कापड बघतात तसं, किती आत उतरलाय ते.

"पक्का आहे का?"

माहीत नाही, चिन्नायना.
तेच बघतेय.