रकाना एकोणिसावा

कुओपियोत जानेवारीत साडेनऊला उजाडतं
आणि तीनला आवराआवर सुरू.
तळघराला त्याचं सुतक नाही.
तिथं चुंबक रात्रंदिवस जागा असतो,
किल्ल्या, घड्याळ, केसातला आकडा,
सगळ्यावर डोळा ठेवून.

एकवीस प्रयोगशाळांनी मिळून ठरवलंय :
उंदीर एकाच जातीचा, एकाच वयाचा,
अंगाची ऊब सदतीस,
भूल एवढीच, की मिशी हलू नये
पण मेंदू गप्प होऊ नये.
मग काहीच न करणाऱ्या मेंदूची
दहा मिनिटं टिपायची.
सगळीकडे सारखी,
म्हणजे लिस्बनचा उंदीर आणि आमचा
एका पंगतीला बसवता येईल.

तुइरे कार्वोनेन अठरा रकाने भरते
आणि पेनचं टोपण लावते.
सव्वीस वर्षं झाली तिला या खोलीत.

मार्चमध्ये रॉटरडॅमहून पत्र आलं :
तुमच्या उंदरांच्या मेंदूचे दोन्ही अर्धे
एकमेकांशी फारच स्वच्छ बोलतात.
बाकी वीस ठिकाणी नुसती कुजबुज.
तुमचं काय चुकलं, कृपया तपासा.

तपासलं.
नळ्या, पंप, थर्मामीटर.
वेइक्कोनं श्वास मोजले, पुन्हा मोजले,
मग आपल्या मोजण्यावरच संशय घेतला.

एका पहाटे मी लवकर उतरलो.
तुइरे स्टुलावर, स्वेटरच्या बाहीत
कोपरापर्यंत शिरलेला चौदा नंबर.
शेजारी जुना टेपरेकॉर्डर :
आमच्याच यंत्राची घरघर, हळू आवाजात.
आणि ती जिभेनं ठेका धरून,
टक टक टर्र, टक टक टर्र,
"आठवडाभर ऐकवते.
मग आत गेल्यावर दचकत नाहीत."

हे लिहिलंय कुठे?

"कुठेच नाही.
कुणी विचारलं नाही."

आता एकोणिसावा रकाना आहे :
हाताळणी. कोणाचे हात, किती दिवस.
फॉर्म फक्त आकडे घेतो.
तुइरेनं लिहिलं सात.
स्वेटरला आकडा नव्हता.
ठेक्याला होता, पण तिनं तो दिला नाही.

विसाव्यावर कधीच वाद झाला नव्हता.
स्कॅननंतर उंदराचं काय करायचं,
ते एकवीसही ठिकाणी
पहिल्यापासून सारखंच होतं.

त्या दिवशी चौदा नंबरचं झाल्यावर
तिनं बाही उलटी करून झटकली,
भुशाचा एक कण पडला,
तो उचलून डबीत टाकला,
आणि वर गेली,
उजेड आहे का बघायला.