अर्धा लिटर

कोतोनूच्या नकाशावर मी सदतीस ठिपके दिले.
बॅटरी बदलायची सदतीस ठाणी:
रिकामी ठेवा, भरलेली घ्या, चालते व्हा.
तीन आठवडे आकडेमोड केली,
कुठल्या चौकात किती दुचाक्या, पिवळ्या सदऱ्यातले स्वार
किती वाजता कुठे थांबतात, टाकी कुठे तळ गाठते.

मग ठिपके बघायला पायी निघालो.

पहिल्यावर एक बाई बसली होती.
दुसऱ्यावरही.
अकराव्यावर हुएफा,
फळीवर काचेचे ढेरपोटे बुधले मांडून.
सीमेपलीकडून आलेलं पेट्रोल उन्हात मधासारखं दिसत होतं.
"कुणाचा रे तू?"
"हुन्सूंचा धाकटा."
"इथेच का बसता तुम्ही?"
"इथे त्यांची गाडी आचके देते. एकोणीस वर्षं ऐकतेय."

लॅपटॉपला हे कळायला तीन आठवडे लागले,
हे मी तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात अगोसू आला, गाडी ढकलत.
अर्धा लिटर. पैसे संध्याकाळी.
तिनं नरसाळ्याला फडकं लावलं, ओतलं,
आणि फळीच्या खालच्या अंगाला खडूनं एक रेघ ओढली.
तिथे अशा पुष्कळ होत्या, काही बोटानं पुसलेल्या.
एक मेलेल्या माणसाची. "राहू दे ती," म्हणाली.

मग माझ्या बॅटरीला हात लावून पाहिला तिनं,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"ही अर्धी देता येते?"
नाही.
"उधार?"
पैसे आधीच कापले जातात. फोनमधून.
"गळते? पेटते?"
नाही! हे मी जरा जोरातच म्हणालो.
तिनं डावी बाही वर सरकवली.
कोपरापर्यंत कातडी वितळून पुन्हा थिजलेली.
"मग चांगली आहे तुझी बॅटरी," ती म्हणाली.
"पण अगोसू सकाळी पुरते पैसे कुठून आणणार?"

रात्री घरी अर्ज भरायला बसलो.
रकाना सातवा: जागेवर सध्याचा व्यवसाय.
आहे किंवा नाही, एवढीच सोय.
कंपनीला 'नाही' आवडतं, काम लवकर सुरू होतं.
मी 'आहे'वर खूण केली आणि कडेच्या कोऱ्या जागेत
लिहीत सुटलो: हुएफा, फळी, खडू, अर्धा लिटर,
ठाणं तिच्या हाती द्या, रेघा तिला ओढू द्या.
शेवटची ओळ कागदाच्या कडेवरून वाकून खाली उतरली.

बाहेर कुणाची तरी गाडी आचके देत थांबली.
खिडकीशी जाऊन पाहिलं.
त्या वळणावर माझा ठिपका नव्हता.