नखाच्या जाडीइतकं

मंगळवार, सकाळचे दहा. कीथलीत, चॅपलमागच्या शेडमध्ये
हीटर अजून खोकतोय.
ईनिड सटक्लिफ, वय शहात्तर, कोट न काढता उभी.
समोर तिची ओकची पेटी,
बाजूला वेगळं पडलेलं झाकण.

ते अजून झाकण नाही, मी म्हणतो,
नुसती फळी आहे. बिजागरी बसू दे.

पेन्सिल नको.
पेन्सिलची रेघ जाड, तिच्यात दोन मतं मावतात.
सुरी घे. पितळेच्या कडेला टेकवून ओढ, हलकेच,
मग पुन्हा, जरा जोरानं.
लाकडाला आधी सांगून ठेवायचं
कुठपर्यंत तुटायचंय.

इंग्रजीत मी तिला ‘यू’ म्हणतो.
मनात त्याचं काही ठरत नाही:
हातोडी उचलली की तू, चष्मा लावला की तुम्ही.

खाच किती खोल?
बिजागरीच्या एका पानाइतकी. नखाच्या जाडीइतकी.

डावी तेवढीच झाली.
उजवी दीडपट. चूक माझी,
नेमकं तेव्हाच विचारलं, पेटीत काय ठेवणार?

चिमटा, म्हणाली. माझा.
गिरणीत तेवीस वर्षं ती कापडातल्या गाठी शोधायची,
तागा मेजावरून ओढत, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी.
गाठ उचकटायची, तुटला धागा सुईनं परत विणायची,
असा की सूट शिवणाऱ्यालाही कळू नये.

आधी लोखंडी स्क्रू घालून वाट करायची, तो काढायचा,
मग पितळी, साबणावर घासून.
पितळेचं डोकं पटकन तुटतं;
माझ्या पहिल्या पेटीत असे दोन बिनडोक
अजून रुतून आहेत.

झाकण लावलं. मिटेना.
पुढे बोटभर फट, दाबलं की मागे कुरकुर.

याला उपाय आहे, मी म्हटलं, आणि पुठ्ठा शोधत बसलो.
तिनं पर्समधून दातांच्या डॉक्टरचं कार्ड काढलं,
तारीख उलटून गेलेलं.
‘गुरुवार, सव्वातीन’ एवढं कापून
उजव्या बिजागरीखाली घातलं.

मी पट्टी आडवी धरली. उजेड कुठून येत नव्हता.
झालं, म्हटलं.
तिनं डोळे मिटले, सांध्यावरून बोट फिरवलं.
अजून आहे.
कुठे?
इथे. केसभर.

मला लागेना. माझी बोटं चाळीस वर्षं
बसगाड्यांच्या ग्रीसमध्ये होती.
साखरेच्या पुडीचा कागद घातला, तिच्या शब्दावर.
मग झाकण आपल्याच वजनानं उतरलं,
आतली हवा हुश्श करत बाहेर.

ती उघडत राहिली, मिटत राहिली.
तुमच्यात काय म्हणतात याला?
बिजागरी.
बिजा-गॅरी, तिनं घोळवून पाहिलं, आणि हसली.
दुसऱ्या नवऱ्याचं नाव गॅरी.
त्यालाही नीट बसायला वेळच लागला, म्हणाली.

पुढच्या मंगळवारी कडी.